दोन कपांची चूल

आमच्या जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक समोरचं. मधली जागा इतकी चिंचोळी की दोन्ही दारं एकदम उघडली तर कोणाला तरी पाय मागे घ्यावा लागतो. मी सहसा घेत नाही. समोरच्या घरात काय बिनसलंय आणि कोण कोणाशी बोलत नाहीये, हे कळायला याहून सोयीची जागा दुसरी नाही. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं दारापलीकडून ऐकलंय. दारं पातळ आहेत, त्याला मी काय करणार!

समोर राहतात ते कवळीवाले. त्यांना खरं नाव आहे, पत्रांच्या पेटीवर लिहिलेलंही आहे, पण जिन्यात ते कोणी वापरत नाही. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर त्यांची एका खिडकीची खोली आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडांची मापं घेऊन तिथे पाठवतात आणि हे त्यावरून कवळ्या बनवतात. टेबलावर गुलाबी मेण, प्लॅस्टरची पांढरी धूळ, ओळीने मांडलेले कोणाकोणाचे जबडे, आणि या सगळ्यांच्या मधोमध स्पिरिटचा छोटा दिवा. सुरीचं टोक त्या दिव्यावर धरायचं, मेणात फिरवायचं, पुन्हा धरायचं. अर्धं आयुष्य त्या दिव्यासमोर गेलं. एखादी कवळी फारच हट्टाला पेटली तर डॉक्टर माणसालाच त्यांच्याकडे पाठवून देतात. मग हे त्याला खुर्चीवर बसवतात, कवळी घालतात आणि आईच्या मायेने विचारतात, "बोचतंय का? कुठे बोचतंय? इथे? की इथे?" माणूस घरी जाऊन आपल्या बायकोचं कौतुक करणार नाही इतकं यांचं करतो.

ताईही त्यांना अशाच मिळाल्या. ताई म्हणजे त्यांची बायको. ताईंच्या वडिलांची कवळी यांनी केली आणि ती काही केल्या बसेना. पहिल्यांदा वडील लेकीला सोबत घेऊन आले. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा ताई एकट्याच आल्या, कवळी रुमालात गुंडाळून. कवळी बापाची आणि बसवून घ्यायला आली लेक! मी भावजींना, म्हणजे या कवळीवाल्यांना, किती वेळा विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम सैल ठेवली होती ना?" ते दरवेळी अगदी गंभीरपणे सांगतात, "वहिनी, खालचा जबडा अवघड असतो."

ताई लाँड्रीच्या काउंटरवर असतात. कपडा हातात घेतला की डाग कशाचा, किती दिवसांचा, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल खोटं बोलतंय का, हे त्यांना न विचारता कळतं. माझ्या पांढऱ्या ब्लाउजवरचा लिपस्टिकचा डाग बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "रंग तुमचा नाही हा." माझ्या बहिणीची मिठी होती ती, पण मला अर्धा तास खुलासा करावा लागला.

तर असा हा दिवसभर बसून काम करणारा नवरा आणि दिवसभर उभी असणारी बायको. सुट्टी आली की दोघं पाठीवर पिशव्या लावून डोंगर चढायला निघत. कधी एक रात्र, कधी दोन. आम्ही खिडकीतून बघत असू. आमचे हे म्हणत, "सुट्टीच्या दिवशी कोणी चढावर जातं का? आपल्याला तिसरा मजला पुरे." पुढे ताईंचा खांदा दुखायला लागला. चहा-जेवणासाठी नेत होते तो गॅसचा स्टोव्ह आणि त्याची टाकी सगळ्यात जड. भावजींनी ओझं कमी करायचं मनावर घेतलं, आणि कुठूनसं बघून कोल्ड्रिंकच्या डब्यांची चूल बनवली.

ही चूल मी पहिल्यांदा तळहातावर घेतली तेव्हा मला वाटलं, हे माझी चेष्टा करतायत. कागदाचा बोळाही याहून जड असेल. दोन रिकाम्या डब्यांची बुडं कापायची. ब्लेड एका जाड पुस्तकाच्या पानांत धरून डबा त्याच्यापुढे गोल गोल फिरवत राहायचं, म्हणजे काप सरळ येतो. एका बुडाची कड हलकेच चुणीदार करून ते दुसऱ्यात दाबून बसवायचं, आत त्याच पत्र्याची एक पट्टी उभी करायची, आणि वरच्या कडेला सुईने बारीक भोकं पाडायची. संपली चूल. मधल्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावली की आधी मधेच भुरभुर पेटतं. मग पत्रा तापतो, आतल्या स्पिरिटची वाफ होते आणि भोकाभोकातून निळ्या पाकळ्या बाहेर येतात. भावजी याला 'चूल फुलली' म्हणतात. आवाज नाही, धूर नाही. आणि भावजींचा हात कवळीचा, त्यामुळे चूलही मापाची. एवढं स्पिरिट, एवढं पाणी, दोन कप चहा. पाण्याला उकळी फुटायला आणि स्पिरिट संपायला एकच गाठ.

ताईंच्या पिशवीतलं ओझं उतरलं. दोघं नवी चूल घेऊन आणखी लांबचे डोंगर हिंडले. मग गेल्या वर्षी ते झालं.

भरदुपारी डोंगरमाथ्यावर चहा ठेवला होता. वारा होता, त्यामुळे पाणी तापायच्या आतच स्पिरिट संपत आलं. चूल विझली असं समजून भावजींनी बाटलीतून वर धार धरली. चूल विझली नव्हती. स्पिरिटची ज्योत निळी, तीही अशी फिकी की लख्ख उन्हात दिसतच नाही. धार पेटली, पेटती धार बाटलीपर्यंत आली, भावजींच्या हातून बाटली सुटली, आणि पेटतं स्पिरिट समोर कप घेऊन बसलेल्या ताईंच्या बाहीवर उडालं. भावजींनी अंगावर झेप घेऊन हातांनी, पिशवीने, पातेल्यातल्या पाण्याने विझवलं. ताईंचा हात मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत भाजला. आता तिथली कातडी गुळगुळीत आणि गुलाबीसर आहे. भावजींच्या टेबलावरच्या मेणासारखी, असं मी एकदा म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

हे सगळं मला भावजींनी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य. "उन्हात ती ज्योत दिसत नाही हो वहिनी. कोणालाच दिसत नाही."

ताई काहीच सांगत नसत. त्यांनी दोन गोष्टी केल्या. घरात स्पिरिट आणायचं नाही असं बजावलं. आणि त्या दिवशी अंगात असलेलं विंडचीटर, ज्याची एक बाही वितळून चोळामोळा झाली होती, ते दारामागच्या खुंटीवर अडकवून ठेवलं. दुनियेचे डाग काढणारी बाई, पण हे ना टाकलं, ना दुरुस्त केलं. भावजी कामावर जाताना रोज त्याच्या शेजारून जात. आणि सुट्टी आली की ताई म्हणत, "तुम्ही जा. मला कपडे आवरायचेत."

भावजींना वाटलं, दोष चुलीचा आहे. चूल सुधारली की बायको येईल. पण घरात तर स्पिरिट आणायची बंदी. मग एका संध्याकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. हातात पिशवी.

"वहिनी, तुमची गॅलरी रिकामीच असते ना?"

"माझ्या कुंड्या आहेत तिथे."

"कुंड्यांना त्रास होणार नाही."

अशी आमच्या गॅलरीत चुलींची कार्यशाळा उघडली. डबे पुरवायचं काम आमच्या ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं. "शेजारधर्म आहे," असं म्हणत ते रोज एक थंडगार कोल्ड्रिंक रिचवू लागले. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली आहे, हे शेजारधर्मात बसत नव्हतं. पोट पुढे आलं. इकडे चुलीमागून चूल तयार होत होती. कधी भोकं कडेला, कधी पोटात, कधी आत कापूस भरलेला म्हणजे कलंडली तरी सांडायला नको. एकीला वरून झाकण, टाकलं की ज्योत हमखास मेलीच पाहिजे.

आणि जगाची गंमत बघा. इतकी वर्षं मी लोकांबद्दल बोलले, आता लोक माझ्याबद्दल बोलू लागले. आमच्या गॅलरीतून स्पिरिटचा वास, कचऱ्यात रोज कापलेले डबे, आणि रोज संध्याकाळी समोरचे गृहस्थ पिशवी घेऊन आमच्या घरात. खालची शिवणक्लासवाली मला जिन्यात थांबवून मायेने म्हणाली, "अहो, सुटतं ते. माझ्या दिरांचं सुटलं." मी म्हटलं, "काय सुटलं?" ती म्हणाली, "नका सांगू, पण मन घट्ट करा." मी खुलासा करायला गेले, तर तिने माझा हात थोपटला. एवढी सहानुभूती मला माझ्या बाळंतपणातही मिळाली नव्हती.

माझं काम निरोप्याचं. नवी चूल झाली की मी समोर जाऊन ताईंना वर्णन करून सांगायची.

"ताई, आता कलंडली तरी सांडत नाही."

"छान."

"झाकण पण केलंय. टाकलं की विझलीच."

"छान आहे."

हे 'छान' सुरीसारखं लावलं असतं तर मेण कापलं गेलं असतं. मी परत येऊन भावजींना सांगायची, "आवडली त्यांना." खोटं बोलायची मला सवय आहे, पण यात मजा येईना.

मधे एकदा भावजी एकटे जाऊन आले. रात्री राहणार होते, संध्याकाळीच परतले. मी जिन्यात गाठलं.

"काय हो, डोंगर बंद होता का?"

ते पायरीवर बसले, बुटाची नाडी सोडत. "वहिनी, चूल दोन कपांची आहे."

"मग?"

"अर्धं पाणी ठेवलं तर स्पिरिट उरतं, जळत बसतं. पुरं ठेवलं तर दुसरा कप ओतून द्यावा लागतो."

"एका कपाची करा की. तुम्हाला काय अवघड आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाला तरी अर्धीच कवळी बसवा म्हणाले. मग म्हणाले, "नाही करणार." आणि आत गेले. त्या दिवशी मी कोणाला काही सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

मग एका दुपारी भावजी धावतच आले. चेहरा उजळलेला. प्लॅस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून ते पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात. त्यातलं थोडं हाताला लागून दिव्याच्या वातीवर पडलं आणि ज्योत पिवळीधमक झाली. "वहिनी, मीठ! स्पिरिटात मीठ! ज्योत दिसणार! उन्हात दिसणार!" त्यांनी आमच्याच मिठाच्या बरणीत हात घातला, गॅलरीत चूल पेटवली, आणि खरंच, डोक्यावर सूर्य असताना पिवळ्या पाकळ्या दिसत होत्या.

"बोलवा तिला," ते म्हणाले. "तुम्ही बोलवा. मी बोलावलं तर नाही येणार."

मी ताईंना घेऊन आले. कशी, ते विचारू नका. गॅलरीत उंदीर निघालाय म्हटलं, आणि त्या झाडू घेऊनच आल्या.

आमचे हे कोल्ड्रिंक घेऊन खुर्चीत, मी दारात, ताई झाडू घेऊन उभ्या, आणि भावजी जमिनीवर बसून प्रयोग दाखवतायत. मीठ, पिवळी ज्योत, झाकण, बारीक तोंडाची नवी बाटली की धार कधी जाड पडूच नये. बोलता बोलता त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, "त्या दिवशी हे असतं तर झालंच नसतं. साधी ज्योत उन्हात कोणालाच दिसत नाही."

ताई म्हणाल्या, "मला दिसत होती."

आमच्या ह्यांनी कोल्ड्रिंकचा डबा खाली ठेवला.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," ताईंचा आवाज चढला नव्हता, काउंटरवर बोलतात तसाच होता. "थांबा, पेटलेली आहे, असं म्हटलं होतं. तुम्ही काय म्हणालात? जन्म गेला स्पिरिटच्या दिव्यापुढे, मला नको सांगूस. आणि ओतलंत."

ही गोष्ट एका वर्षात मला कोणी सांगितली नव्हती. मला! भावजी खाली बघत होते. चूल आपली पिवळी जळत होती. मला वाटलं, आता हे काहीतरी कारण काढतील, वारा, उतार, खालचा जबडा. माझं तोंड आपण होऊन बंद झाल्याचा हा दुसराच प्रसंग.

भावजी मान वर करून म्हणाले, "कशी?"

"कशी म्हणजे?"

"कशी दिसली तुला? मला नव्हती दिसत. खरंच नव्हती. माझ्या दिव्याला वात आहे, खोलीत अंधार आहे, तिथे दिसते. डोंगरावर मला फक्त पत्रा दिसत होता. तुला काय दिसलं?"

हा माणूस कारण सांगेल, नाहीतर माफी मागेल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं आणि तेही अशा आवाजात, जसं समोर नवीन तोंड बसलंय आणि कुठे बोचतंय ते शोधायचंय. ताईंनी झाडू भिंतीला टेकवला.

"मिठाची विझवा आधी. साधी पेटवा."

भावजींनी झाकण टाकलं, दुसरी चूल काढली, पेटवली. उन्हात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ताई जमिनीवर बसल्या, भावजींच्या खांद्याला धरून त्यांना खाली ओढलं.

"चुलीत नका बघू. पलीकडे बघा. गॅलरीचे गज बघा."

भावजी गाल जमिनीला टेकवून बघू लागले. मग मी पण वाकले. आमचे हे वाकायचा प्रयत्न करून परत खुर्चीत बसले. चुलीमागचे सरळ गज पाण्यात असल्यासारखे हलत होते.

"हलतायत," भावजी म्हणाले.

"हलतायत तोवर पेटलेली. त्या दिवशी तुम्ही वरून बघत होतात. मी उताराला बसले होते. तुमचे बूट हलत होते."

"माझे बूट?"

"चुलीपलीकडे तुमचे बूट होते. ते हलत होते."

गज थांबेपर्यंत दोघं तसेच पडून राहिले. मग ताई उठल्या, झाडू घेतला, "उंदीर नाहीये ना?" असं माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि निघून गेल्या. येणार की नाही, काही बोलल्या नाहीत. भावजींनीही विचारलं नाही. सगळ्या चुली एका खोक्यात भरल्या, मिठाची बरणी जागेवर ठेवली, आणि फक्त सर्वांत पहिली, साधी चूल खिशात घालून गेले.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी मी दार उघडलं तर समोरचं दार उघडंच. दोन पिशव्या भिंतीला टेकलेल्या. खुंटी रिकामी. ताई वितळलेल्या बाहीचं विंडचीटर घालून बुटाची नाडी बांधत होत्या.

"चला," मला बघून म्हणाल्या. "रोज गॅलरी दिलीत, आता चहाला चला. तुमच्या ह्यांनाही घ्या, पोट उतरेल."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण पुढे काय होतंय ते घरी बसून कळणार नव्हतं. जिन्यात शिवणक्लासवालीने आम्हा चौघांना पिशव्यांसकट बघितलं आणि पिशव्यांकडे बोट करून विचारलं, "व्यसनमुक्ती केंद्र का?" ताई म्हणाल्या, "हो, डोंगरावर आहे."

चढावर आमच्या ह्यांचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. भावजींनी वाऱ्याला आडोसा लावला, पहिली चूल मांडली, दोन कप चहा केला. तो आम्हा पाहुण्यांना. मग पुन्हा पातेल्यात पाणी घेऊन बाजूला ठेवलं आणि बाटली उचलली. चुलीत काही दिसत नव्हतं. मला तरी नुसता पत्रा दिसत होता. त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि हात मधेच थांबला.

"विझली का गं?"

ताई उताराच्या बाजूला बसल्या होत्या. वितळलेली बाही वर सारली, वाकल्या, डोळे बारीक केले.

"नाही. थांबा."

भावजी थांबले. बाटली हातात, हात हवेत. वारा वाहत होता. आमचा चहा पिऊन झाला.

"आता?"

"थांबा म्हटलं ना."

मी हळूच मान वाकडी करून ताईंच्या बाजूने पाहिलं. चुलीपलीकडे भावजींचे बूट दिसत होते. अगदी स्थिर, नाडीची गाठसुद्धा मोजता यावी इतके. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लिपस्टिकच्या डागाकडे बघताना होता तसा चेहरा केला. मी आपली रिकाम्या कपात बघू लागले.

भावजींचा हात दुखायला लागला असावा, कारण त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. पण बाटली तशीच. एकदाही खाली वाकून स्वतः बघितलं नाही.

मग ताई सरळ बसल्या, आपला कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हं. ओता आता."